पाच घोड्यांचा फरक

सक्करदरा, नागपूर
२५ ऑगस्ट २०२५

चि. अपूर्व यास शालिकरामकाकाचे अनेक आशीर्वाद.

वहिनींचा गुडघा कसा आहे? तेल लावतात, की बाटली तशीच फळीवर उभी? सूनबाई धनश्रीची पाठ दुखायची थांबली का? रितिकाच्या दातांची तार निघाली, की पोरगी अजून चिवड्याकडे पाहून उसासे टाकते? आणि तू वेळेवर जेवतोस का? इकडे अनुसयाची शुगर हद्दीत आहे, माझा खोकला हद्दीबाहेर. फोन आहे, मान्य. पण फोनवर तू नुसता हं हं करतोस. कागदावर हं हं करता येत नाही.

दादाची गाडी दसऱ्याला सुरू करायची म्हणतोस, वाचून बरं वाटलं. त्याला जाऊन वर्ष होत आलं, आणि त्याची त्रेपन्न सालची फोर्ड पिकअप माझ्या शेडमध्ये ताडपत्री पांघरून उभी आहे. पेट्रोल झेपेना म्हणून एक्क्याऐंशी साली तिच्यात डिझेल इंजिन घातलं होतं, तेही आता थकलं.

पण पुण्याच्या त्या भंगारवाल्याकडून व्ही-एट इंजिन उचलायची घाई करू नको. त्या साली या गाडीला कंपनीनं दोन इंजिनं ठेवली होती. एक सरळ सहा सिलिंडरचं, दोनशे पंधरा घनइंच, एकशे एक घोड्यांची ताकद. दुसरं व्ही-एट, दोनशे एकोणचाळीस घनइंच, एकशे सहा घोडे. फरक किती? पाच घोडे! तेवढ्यासाठी दोन सिलिंडर जास्तीचे पोसायचे? शिवाय सहाचे व्हॉल्व्ह डोक्यावर, ती नवी रीत. व्ही-एटचे बाजूला, आणि त्याचा जळका धूर इंजिनाच्या ठोकळ्याच्या पोटातूनच फिरून बाहेर पडतो. आपल्या मे महिन्यात रेडिएटर रडेल गा. माझं शिक्षण सातवी, पण पान्यानं शिकवलेलं मी विसरत नाही. विचार कर.

लोभाची टाकी भरलेली असू दे.
तुझा काका,
शालिकराम

---

पुणे
३१ ऑगस्ट २०२५

ती. शालिकरामकाकांस सा. न. वि. वि.

आईला तेल लागतं आहे. मी बाटलीवर पेनानं खूण करून ठेवली आहे. धनश्रीची पाठ बरी. रितिकाची तार दिवाळीत निघेल, तोवर चिवडा दुधात भिजवून खाते, बघवत नाही. काकूंना नमस्कार. खोकल्याचं औषध घ्या, नाहीतर तुमच्याही बाटलीवर खूण करावी लागेल.

काका, तुमचे आकडे बरोबर आहेत. वीस वर्षं इंजिनांच्या चाचण्याच घेतो आहे, पाच घोड्यांचं मला कौतुक नाही. पण बाबांनी जन्मभर ज्याला त्याला सांगितलं की आपली गाडी व्ही-एट आहे. पुढच्या जाळीवर तसा बिल्लाही आहे. माझ्या वर्गातली पोरं घरी आली की बॉनेटवर थाप मारून सांगायचे. जुन्या आर. सी. बुकात सिलिंडर सहा लिहिलेत, तिथे कारकुनाचा हात घसरला असणार. बाबा खोटं बोलत नसत, हे तुम्हीच मला शिकवलंत. त्यांचा शब्द त्यांच्या गाडीत परत बसवायचा, एवढंच माझ्या मनात आहे.

भंगारवाला पंधरा तारखेपर्यंत थांबतो म्हणाला. व्ही-एटचे पाय वेगळ्या जागी बसतात. तेव्हा चासीवरची कंपनीची जुनी ब्रॅकेटं कापून ठेवाल का? एकदा कापली की परत तशी बसायची नाहीत, म्हणून दुसऱ्या कुणाच्या हाती हे काम देत नाही.

तुमचा लोभ मला जन्मापासून फुकट मिळाला आहे, तो तसाच मिळत राहो.
आपला,
अपूर्व

---

सक्करदरा, नागपूर
६ सप्टेंबर २०२५

चि. अपूर्व यास आशीर्वाद.

आज तब्येती विचारत नाही. हे पत्र वहिनींना वाचून दाखव. त्यांच्या तोंडावर सांगायची छाती मला एकोणपन्नास वर्षांत झाली नाही.

काल गॅसकटर पेटवला, ब्रॅकेटाजवळ नेला आणि विझवला. अनुसया दोनदा येऊन विचारून गेली की हा माणूस गाडीखाली काहून असा निजून राहिला. काय सांगू तिले?

गाडी सहाचीच होती. कारकुनाचा हात घसरला नव्हता. बिल्ला मी लावला.

शहात्तर साली दादा वहिनींना पाहायला उमरेडला निघाला. त्यांचे वडील हातमागाचे नावाजलेले कारागीर, शब्दाचे पक्के. मी बावीस वर्षांचा. मला वाटलं, दादाची छाप पडली पाहिजे. भंगारातल्या एका मोटारीचा बिल्ला आणला आणि घासूनपुसून जाळीवर बसवला. दादानं बिल्ला पाहिला, मग मला पाहिलं, आणि गाडीत बसला. उमरेडला वहिनींच्या वडिलांनी त्यावर बोट ठेवून विचारलं, तेव्हा दादाच्या आधी मीच तोंड घातलं की आठ सिलिंडर आहेत म्हणून. दादानं मान हलवली. तेव्हापासून माझं खोटं त्यानं मरेपर्यंत वाहिलं. लबाड मी आहे, तुझा बाप नाही. आणि वहिनींचं लग्न त्या लबाडीवर जमलं, हे मला जेवताखाता टोचत आलं आहे.

मूळ इंजिन कन्हानला दादाच्या मित्राच्या, भैयाजीच्या संत्र्याच्या बागेत आहे. आधी पाण्याचा पंप ओढायचं, वीज आल्यापासून पडून. गंजून जाम झालं असेल म्हणून आज पाहायला गेलो. भैयाजीनं सांगितलं की दादा दर दसऱ्याला यायचा, हळदकुंकू वाहायचा, प्लगच्या भोकांतून तेल सोडायचा आणि हँडल मारून जायचा. मला कधी बोलला नाही. मी हँडल लावलं. पोरा, फिरलं गा!

आता तू सांगशील तसं. व्ही-एटच हवं असेल तर कापतो. वहिनी रागावल्या असतील तर तेही लिही, झाकू नको.

लोभ जेवढा उरला असेल तेवढा कळव.
शालिकराम

---

पुणे
१२ सप्टेंबर २०२५

शालिकराम भाऊजींस सुमतीचा नमस्कार.

अपूर्वनं पत्र वाचून दाखवलं. मग चष्मा लावून मी स्वतः वाचलं. उत्तर मीच लिहिते.

लग्नाहून परतताना गाडी तापून रस्त्यात थांबली होती, आठवतं? तुम्ही बादली घेऊन विहीर शोधायला पळालात. बॉनेट उघडं होतं आणि मी शालू सावरत खाली उतरले होते. ताण्याचे धागे मोजत वाढलेली कोष्ट्याची लेक मी, प्लगच्या वायरी मोजायला मला किती वेळ लागणार? सहा निघाल्या. यांना विचारलं की उरलेल्या दोन माहेरी राहिल्या का. आधी चेहरा पडला, मग हसता हसता मडगार्डवर बसले. म्हणाले की शालिकनं दोन दिवस घासून बिल्ला लावला आहे, सणाचा सदरा ग्रीसात घालवून. त्यानं माझ्यासाठी लावला, आता ही गाडी व्ही-एटच. आणि मला बजावलं की त्याले सांगू नको, हिरमोड होईल त्याचा.

पहिल्या माहेरपणात मी बाबांना सांगून टाकलं. ते म्हणाले की त्यांनी नवऱ्या पोराचे हात पाहिले होते, जाळी नाही.

तेव्हा भाऊजी, टोचणी होती ती तुमच्या एकट्याच्याच ताटात. हे दर रविवारी बिल्ला पुसायचे, ते पाहुण्यांसाठी नाही. तुम्ही शेडमधून बघत असायचात म्हणून.

अपूर्वनं आर. सी. बुक काढून पुन्हा पाहिलं. मग म्हणाला की बाबांनी शब्द पाळला, फक्त तो काकाचा होता. आता भंगारवाल्याला नको म्हणून सांगायला गेला आहे.

कन्हानचं इंजिन आणा आणि त्याच्या जुन्या जागी बसवा. बिल्ल्याला मात्र हात लावायचा नाही. दसऱ्याला मी गुडघ्यासकट येते. पहिली फेरी उमरेडला. चालवायचं तुम्ही, मध्ये अनुसया, खिडकीशी मी, बाकीचे मागे. गाडी तापेलच, बादली बरोबर ठेवा. या खेपेला पाणी आणायला अपूर्व जाईल. तुम्ही बॉनेट उघडून माझ्याजवळ उभे राहा, आपण दोघं वायरी मोजू.

इंजिन शेडमध्ये उतरलं की लगेच पत्र टाका. मी पोस्टमनची वाट पाहते आहे.

तुमची वहिनी,
सुमती