इंजिन पूर्ण न करण्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त टंकलेखिका, राहणार याच घरात आणि आता फार काळ नाही, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. थोरल्या मुलाने फोनवरून आणून पाहिले, ते जमले नाही. नशापाणी केलेले नाही. नशा म्हणाल तर डॉक्टरांनी दिलेल्या दुखण्याच्या गोळ्या. त्याही आज सकाळपासून घेतलेल्या नाहीत, म्हणून अक्षर मध्येच हलले आहे. त्याचा कोणी कोर्टात फायदा घेऊ नये. वकिलांच्या ऑफिसात लोकांची मृत्युपत्रे टाइप करण्यात माझी हयात गेली. कुठल्या वाक्यावरून भावंडे एकमेकांच्या जिवावर उठतात ते मला चांगले ठाऊक आहे, तेव्हा मी सरळ लिहिते.

माझे दुखणे यकृताचे आहे आणि ते बरे होणार नाही. माझे यजमान माझ्यामागे राहणार. शरीराने ते ठणठणीत आहेत, पण त्यांची आठवण गेली आहे. पाणीपुरवठा खात्यात सगळ्या शहराच्या नळांचे नकाशे काढलेल्या माणसाला आता मोरी कुठे आहे ते दाखवावे लागते. हे मृत्युपत्र त्यांच्यासाठी आहे. बाकीचे जाता जाता.

कलम १. राहते घर, जे आम्ही दोघांच्या पगारातून बांधले आणि माझ्या एकटीच्या नावावर आहे, ते मी माझ्या धाकट्या मुलीला देत आहे. अट एकच: वडील असेपर्यंत तिने इथे त्यांच्याबरोबर राहावे आणि त्यांना म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्या कुठल्याही केंद्रात ठेवू नये, ते केंद्र कितीही हवेशीर असले तरी. पुढच्या खोलीतला तिचा शिवणक्लास चालू राहावा. ती फटकळ आहे, ते माझ्याकडून आले आहे, त्याबद्दल वेगळी नोंद नको. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तीच करील.

कलम २. बँकेतल्या ठेवींपैकी निम्मा भाग माझ्या थोरल्या मुलाला. उरलेला निम्मा कलम ४ च्या खर्चासाठी बाजूला ठेवावा. त्याला कोणी हात लावू नये.

कलम ३. माझ्या दिरांना यजमानांच्या जुन्या गाडीचा हॉर्न द्यावा. यजमानांचे आजारपण सुरू झाल्याचा वास लागताच हे गृहस्थ फळे घेऊन आले आणि 'भाऊ, जरा इथे सही कर' म्हणून गाडी आपल्या नावावर करून घ्यायचा कागद पुढे केला. हेही भोळे, पेन शोधायला लागले. गाडी माझ्या नावावर आहे हे दिरांना ठाऊक नव्हते आणि हे विसरले होते. मी तो कागद फाडला तर दीर म्हणाले, "वहिनी, तुम्ही घराची शोभा करताय." गावभर बोंब मारायची त्यांना हौस आहे, तेव्हा हॉर्न चांगला उपयोगी पडेल. गाडीतले दुसरे काहीही त्यांना मिळू नये.

कलम ४. गाडी आणि तिचे इंजिन.

गाडी जुनी आहे, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. यजमानांनी ती एका गोदामाच्या मागे उकिरड्यात पडलेली पाहिली आणि माझे एकही न ऐकता घरी आणली. दर रविवारी ते तिच्याखाली झोपलेले असायचे आणि मी त्यांच्या पायांशी बोलायचे. मला त्या गाडीचा मनापासून तिटकारा होता. आजार पहिल्यांदा कळला तोही तिच्यामुळेच. यांनी इंजिनातले जुने तेल काढून टाकले आणि नवे भरायचे विसरून गाडी चालू केली. बेअरिंगे वितळली, इंजिन जाम झाले. हे स्टिअरिंग धरून बसून राहिले. मी दार उघडले तेव्हा म्हणाले, "मी असं करणार नाही गं. दुसऱ्या कोणीतरी केलंय." ते खोटे बोलत नव्हते.

इंजिन उघडून नव्याने बांधून घ्यायचे ठरले. मी यांना बरोबर घेऊन हिंडले. पहिले गॅरेज काचेचे होते. मालकाने मशिने दाखवली, तीन महिन्यांत गाडी दारात उभी करतो म्हणाला आणि यांना म्हणाला, "आजोबा, तुम्ही बाहेर एसीत बसा ना." हे हात मागे बांधून, डॉक्टरकडे बसावे तसे बसले. दुसरा मिस्त्री म्हणाला, "मावशी, कशाला ती कटकट? जुनं काढून टाकतो, टेम्पोचं डिझेल इंजिन बसवतो, कुठे थांबायची नाही बघा." यांनी माझा पदर ओढला आणि कानात विचारले, हा माणूस पिऊन आला आहे का?

तिसऱ्याला सगळे 'उद्या' म्हणतात. त्याचे काम पक्के, पण त्याने आजवर एकही गाडी दिलेल्या तारखेला परत केलेली नाही. लोकांनी मला बजावले होते, त्याच्याकडे जाऊ नका. आम्ही गेलो तेव्हा तो व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाची झडप, घासत होता. हे काम असे असते: व्हॉल्व्हला खरखरीत पेस्ट लावायची, काठीच्या रबरी टोकाने तो धरायचा, दोन्ही तळहातांत काठी फिरवत जागच्या जागी घासायचा, उचलून बघायचे आणि पुन्हा घासायचे. हे दारातच थांबले. मग आत जाऊन म्हणाले, "अरे, पेस्ट किती लावतोस? खाऊन टाकेल ती." आणि त्याच्या हातातून काठी काढून घेतली. मिस्त्री उठला, स्टूल यांच्याकडे सरकवले आणि दुसऱ्या कामाला लागला. त्या दिवशी हे जेवले, झोपले आणि रोजच्यासारखे घरभर फिरले नाहीत. मी इंजिन तिथेच दिले.

तेव्हापासून हे रोज सकाळी डबा घेऊन 'कामावर' जातात; धाकटी पोचवते आणि घेऊन येते. मिस्त्रीने त्यांना भंगारातले एक जुने हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसतात तो इंजिनाचा वरचा भाग, दिले आहे, कारण खरे व्हॉल्व्ह रोज घासले तर खलास होतील. यांना वाटते ते आपलेच आहे.

मध्यंतरी कार्बुरेटरचे काम संपले. मिस्त्री बिचारा उत्साहात, हेही खूश. मग मिस्त्री आठवडाभर आजारी पडला, गॅरेज बंद राहिले, आणि यांच्या हाताला काही उरले नाही. हे घरात प्रत्येक खोलीत काम शोधत फिरले. घड्याळ उघडले. शेवटी गॅसचा रेग्युलेटर 'नीट करतो' म्हणून काढून ठेवला. धाकटीला वास आला म्हणून आम्ही तिघे आहोत. हाताला काम उरले नाही की या माणसाचे काय होते, ते मी पाहिले आहे.

दूर राहणाऱ्या थोरल्याला इंजिन असे रखडत ठेवणे पटत नाही. त्याने परस्पर काचेच्या गॅरेजशी बोलणी केली. फोनवर मला म्हणाला, "आई, बाबांना एकदा तरी तो आवाज ऐकू दे. तेवढंही तू त्यांना देणार नाहीस?" पोराच्या मनात वाईट काही नाही. उत्तर इथे देते. बाळा, आवाज ऐकला की ते गाडी चालवायला बसतील. आपली गल्ली त्यांना ओळखू येत नाही. आणि चावी काढून घेतलीस तर दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन त्यांनी कुठे जायचे, ते तू तिकडून सांगणार आहेस का?

सबब, माझी इच्छा अशी: माझे यजमान हयात असेपर्यंत इंजिन पूर्ण करण्यात येऊ नये. बाजूला ठेवलेल्या रकमेतून मिस्त्रीला दर महिन्याला जागेचे भाडे आणि त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत. ही गोष्ट मी त्याला सांगितली तेव्हा तो संकोचला. म्हणाला, "वहिनी, मी मुद्दाम उशीर कधी केलेला नाही हो. तो होतो." मी म्हटले, तसाच होऊ द्या.

मिस्त्रीने गॅरेज बंद केले किंवा त्याचे बरेवाईट झाले तर धाकटीने दुसरा शोधावा. निवडताना यंत्रे बघू नयेत, भाव बघू नये. वडिलांना दारात उभे करावे आणि आतला माणूस काय करतो ते बघावे. त्यांना बाहेर बसवले तर निघावे. कोणी तारीख सांगितली तर आभार मानून निघावे.

यजमानांच्या पश्चात इंजिन जोडावे, थोरल्याला हवे तर आवाजही ऐकवावा, गाडी त्याची. तेव्हा मला काही फरक पडणार नाही.

कलम ५. माझा टाइपरायटर कोणाला देऊ नये, भंगारात घालावा. त्याच्यावर फार वाईट मजकूर टाइप झाला आहे.

कलम ६. माझ्याबद्दल विचारले तर काय सांगावे.

मागच्या आठवड्यात मिस्त्री मुद्दाम घरी आला. हात पुसत पुसत त्याने सांगितले. झाले असे, की भंगारातल्या हेडाचा शेवटचा व्हॉल्व्ह घासून होत आला होता आणि तो यांना गमतीने म्हणाला, "साहेब, झालं की हो तुमचं इंजिन!" तर हे घाबरले. त्याचा हात घट्ट धरून म्हणाले, "नको, इतक्यात नको. झालं की घरी बसावं लागेल. घरी एक बाई असते. ती माझ्याकडे बघून सारखी रडते. मी तिचं काय वाईट केलंय रे?"

मिस्त्रीने पुन्हा पेस्टचा डबा पुढे ठेवला तेव्हा कुठे त्यांनी त्याचा हात सोडला.

मी यांच्यासमोर कधी रडले नाही अशी माझी समजूत होती. पाठ वळवून, नळ सोडून, कांदा पुढ्यात घेऊन काय काय केले. माझे नाव विसरलेल्या माणसाला तेवढे मात्र बरोबर दिसले. मला फार लागले ते.

तेव्हा धाकटे, तू त्यांच्यासमोर रडायचे नाहीस. पाठ वळवूनही नाही. अगदीच राहवले नाही तर समोरच्या लाँड्रीत जा. माझी तिथली जागा आता रिकामी होईल.

त्यांनी 'ही कुठे गेली' असे विचारले तर बाजारात गेली आहे, येईल, असे सांगावे. पुन्हा विचारले तर पुन्हा सांगावे. पण तसे ते विचारणार नाहीत, असे मला वाटते. त्या बाईबद्दल मात्र विचारतील. तेव्हा खोटे बोलायची गरज नाही. ती बाई गेली, आता घरात कोणी रडत नाही, असे सांगावे. त्यांना आनंद झाला तर होऊ द्यावा.

वरील सर्व मी लिहिले, पुन्हा वाचले आणि त्यात एकही शब्द बदलायचा नाही असे ठरवून खाली सही केली. ती मी साक्षीदारांसमोर केली व त्यांनी आपल्या सह्या माझ्यासमोर केल्या. दोघांनाही या मृत्युपत्राने काही मिळत नाही.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार:
१. घरी येणारे डॉक्टर (सही व शिक्का)
२. समोरच्या लाँड्रीच्या बाई (सही)

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: डॉक्टरांच्या शिक्क्याखाली घातला आहे तोच. वेळ सकाळची, यजमान कामावर गेल्यानंतरची.