यादीतलं शेवटचं काम

सोमवार, ३
लागली एकदाची नोकरी! तीही आईला ठेवलंय त्याच इस्पितळात. मी तळघरात संगणक विभागात एकटी, आई वर वॉर्ड पाचमध्ये. जेवणाच्या सुट्टीत तिचे केस विंचरून आले, खूश झाली.
काम बॅकअपचं. सगळ्या विभागांच्या नोंदींची प्रत दुपारी दोन ते चार काढायची. यादीत चाळीस कामं. वरचं आधी, चारला वेळ संपते आणि शेवटचं एक रोज राहून जातं. पहिल्या नंबरावर काय, तर साहेबांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो! आणि माणसं पडून आहेत तो वॉर्ड पाच अडतिसावा. त्याखाली कॅन्टीन. तळाला ‘रिकामं’ नावाचं काम, आत काही नाही. आधीच्या बाईंनी चिठ्ठी चिकटवलीय, याला हात लावू नये. असला गचाळपणा मला खपत नाही. काढून टाकलं.

मंगळवार, ४
काल तरीही शेवटचं काम राहिलंच. कॅन्टीन.
सकाळी चहाला गेले तर तिथे भिंत. जुनी, ओल आलेली. शिपाईकाका म्हणाले, इथे कॅन्टीन कधी नव्हतंच, डबा आणत जा. काल माझ्याच शेजारी बसून चहा ढोसला होता यांनी! नव्या माणसाची टर उडवतात. डोकं सणकलं.
आता तळाला वॉर्ड पाच आला होता. तो उचलून दुसऱ्या नंबरावर टाकला. तळाला धुलाई विभाग.

बुधवार, ५
धुलाईच्या मावशी नाहीत. खोली नाही. चादरी बाहेरून धुऊन येतात म्हणे, पहिल्यापासून.
आज तळाला बागेच्या नोंदी टाकल्या, तिथे निदान माणसं नाहीत. मी केलं हे. मी.
‘रिकामं’ परत घालायला गेले. नव्या कामाला साहेबांची सही लागते. साहेबांनी सगळं ऐकलं, हसले, सही केली नाही. वर म्हणाले, उद्यापासून क्रम मी लावणार, आणि वॉर्ड पाच जाईल तळाला, तिथले पेशंट तसेही फार दिवसांचे नाहीत. टेबलावरचा पेपरवेट उचलला होता मी. का ठेवला खाली?

गुरुवार, ६
दोन वाजले. वॉर्ड पाच तळाला. सगळ्या क्रमाला साहेबांचं कुलूप. आईला हलवा म्हटलं, डॉक्टर नाही म्हणाले.
तीन दहा. फक्त माझा विभाग मला हलवता येतो. संगणक विभाग. म्हणजे मीच.
हरामखोर.
तीन पन्नास. टाकला. सर्वांत खाली.

शुक्रवार, ७
तळघराला जिनाच नाही. शिपाईकाका विचारतात, बाई, कोण हवंय?
आईजवळ बसलेय. आई आहे! श्वास नीट. तिने विचारलं, कुणाला भेटायला आलात? मुलगी आहे तुझी, ओरडलेच मी. ती घाबरली. नर्सला म्हणाली, मला मूलबाळ नाही हो, यांना जाऊ द्या बाहेर —
नाही जाणार. कुणाच्या बापाला —
शिपाईकाका दंड धरतायत. आई, बघ ना इकडे, तुझ्यासाठीच मी —