फुलजान खालाच्या घराला घातलेला वळसा

मुक्काम हरिणखोला, सोमवार

चिरंजीव रेझवान यास,

सोहराब मामाचा सलाम आणि उदंड दुवा. (तू आता बांधांचा इंजिनियर, म्हणून आधी 'साहेब' लिहिलं होतं, मग खोडलं. ज्याचं नाक पुसलं त्याला साहेब म्हणायला हात धजत नाही.) तुझी तब्येत कशी आहे? खुलन्यात वेळेवर जेवतोस ना? इथे वादळानंतर आम्ही सगळे जिवंत आहोत. मामीचा आवाजही शाबूत आहे.

तर वादळानं जुन्या बांधाला पाडलेल्या खिंडारामागून तू नव्या बांधाची रेघ आखलीस, लाल निशाणं रोवलीस आणि गेलास. रेघ सुरेख होती. फक्त फुलजान खालाचं घर नदीच्या बाजूला राहत होतं, आणि रेघ मोल्लांच्या बुजवलेल्या तळ्यावरून जात होती. तिथे पहिला बांबू ठोकला, तो निरोपही न घेता खाली गेला. भांगाचे दिवस, भरतीला जोर नाही, म्हणून मशिदीच्या भोंग्यावरून हाक देऊन तीनशे माणसं जमवलेली. ओहोटीच्या पाच तासांत बांबूच्या दोन ओळी ठोकायच्या आणि मध्ये चिखलाची पोती भरायची. पहिल्या दिवशी निम्मी पोती तळ्यानं गिळली, उरलेली भरतीनं नेली. (त्यातलं एक हाजीसाहेबांच्या तांदळाचं निघालं. घाईत कोणी उचललं, त्याचा तपास अजून चालू आहे.)

दुसऱ्या दिवशी खाला बदकं घेऊन निशाणाशेजारी येऊन बसली. मी समजूत घालायला गेलो, तर म्हणाली, "सोहराब, तुझ्या भाच्याला मी कोळंबी भरवली, आणि तो मलाच नदीच्या पानात वाढतोय होय रे?" सत्तरीची बाई, नवरा नदीनं नेलेला, मागेपुढे कोणी नाही. मला फार वाईट वाटलं. थोड्या वेळानं बघतो तर निशाणं तिच्या घरापलीकडे गेलेली. ती कोणी हलवली हे मला दिसलं नाही, कारण माझ्याच दोन्ही हातांत निशाणं होती. असं बांधाला पोट आलं. शेवटचं पोतं पडलं आणि भरतीचं पाणी बांबूंना लागलं. बांध टिकला, बाबा! माणसं चिखलात बसून रडली, मीही रडलो. खाला मात्र आता म्हणते, बदकांना नदीवर जायला लांब पडतं.

तुझा,
सोहराब मामा

ता. क. नकाशा बांधासारखा करून घे. बांध नकाशासारखा करायला आता कोणात दम नाही. 'जमीन मऊ म्हणून वळवला' असं लिही. तळं वीस हात आणि वळण ऐंशी हात, एवढं मात्र लिहू नकोस.

ता. क. दुसरा. वळणात बांबू जास्त गेले, म्हणून पूर्वेच्या टोकाला बांध आत ओढावा लागला. (तिथूनच ओढा, असं मामीच म्हणाली. तिच्यापुढे तुझंही इंजिनियरिंग चाललं नसतं.) त्यामुळे एक घर बाहेर राहिलं. आमचं. पौर्णिमेच्या उधाणापर्यंत चूल पेटेल. तुझ्या खोलीत दोघं मावतील का, ते लवकर कळव. मामी म्हणते, शेळीला ओसरी पुरेल.