लेबलावरची कोरी ओळ

३ ऑगस्ट
आले: संग्रहालयाचे पाकीट एक. आत पत्र, आणि ह्यांनी लिहिलेले लेबल परत. तिकीट न लावलेले, बैरंग होते, दुप्पट हशील भरून सोडवले.

पत्रात म्हणतात, अशी पिवळी अळंबी आजवर त्यांच्याकडे कोणी धाडलेली नाही. पण लेबलावर "कुजक्या लाकडावर" एवढेच, जागेची ओळ कोरी! "स्थळाशिवाय नमुना ठेवता येत नाही. पंधरा दिवसांत कळवावे. त्याच जागचे आणखी चार पाठवावेत."

कोणाला विचारू? लेबल लिहिता लिहिताच ह्यांना झटका आला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. अळंबी मीच चाळणीत सुकवली, मीच पाकीट चिकटवून धाडले. मॅट्रिक झालेली बाई मी — एक कोरी ओळ दिसू नये!

५ ऑगस्ट
ह्यांची वीस वर्षांची वही घेऊन बसले. एकेक जागा वाचायची. "हो असेल तर डोळे मिटा." ओढा, टेकडी, लाकडाची वखार. एक्केचाळीस जागा झाल्या. डोळे उघडेच. शेवटी त्यांत पाणी आले. वही मिटली.

६ ऑगस्ट
थोरल्या वन्सं आल्या. "अगं, लिही की कुठलं तरी रान! बुरशी काय साक्ष द्यायला येणारे?"
हसू आले. पण ह्यांनी जन्मात खोटे लेबल लिहिले नाही, आणि वरचा बघतो आहे. तसे म्हटले तर म्हणाल्या, "मग बस माळ ओढत!"
ओढतेच आहे.

८ ऑगस्ट
मोरीतली बादलीखालची फळी पार कुजली होती. फोडून वाळवली, चुलीत घातली. ह्यांचे अंग पुसायचे पाणी तापले. तेवढेच जळण वाचले.

११ ऑगस्ट
ह्यांचा डावा हात उठला! मागच्या दाराकडे. वाटले, भांडे हवे. दिले. पुन्हा हात तिकडेच. दार लावले, उघडले, चादर बदलली — काय हवे ते कळेचना. हे रडायला लागले. मीही. देवा, एक शब्द दे ह्यांना. पुढे काही मागणार नाही.

१४ ऑगस्ट
धाडलेल्या पत्राची नक्कल:
"स्थळ — आमच्या घरची मागच्या दारची मोरी, बादलीखालची फळी. आज खुर्चीत बसवून मागच्या दारी नेले, तेव्हा ह्यांनी बोट दाखवले. फळी मी जाळली. तिच्यावर पुन्हा पिवळे ठिपके धरले होते, ते घाण समजून आधी खरवडले. आणखी चार मिळणार नाहीत. ह्यांचे बोट अजून तिकडेच आहे. तुमच्याकडची तेवढी एकच. ठेवलीत की टाकलीत, उलट टपाली कळवावे."