खेचरांनी खाल्लेला पूल

लेह, ६ जानेवारी १९९७

चि. भारतीस,
अनेक आशीर्वाद. आई-आबांना सप्रेम जयभीम. वि. वि. मी खुशाल, फक्त नाक गोठलंय.

सातवी नापास माणूस इंजिनियर होतो का, हे तुझ्या बाईंना विचार. कारण मी झालोय. आमच्या रस्त्याच्या कॅम्पाला खेचरांवरून रॉकेल येतं. वाटेत नाला. त्यावरचा बर्फ पातळ, खेचरांचे पाय आत जातात. मी सुपरवायझरला ऐटीत सांगितलं, की आमच्याकडं भिंतीच्या मातीत गव्हाचं काड कालवतात, मग ती तडकत नाही. तसंच बर्फात घालू. काड पसरायचं, पाणी ओतायचं, गोठू द्यायचं. काड घेतलं खेचरांच्या चाऱ्यातलं. पहिलं खेचर पुलावर चढलं, थांबलं आणि पूल खायला लागलं. मागची तिघंही पंगतीला बसली.

सुपरवायझर म्हणतो, फेब्रुवारीअखेर पूल कर, न्हाईतर घरी जा. सावेडीला आबांच्या कामावरची भिंत पाडून पळालेला मी, हा पूलही घालवून आलो तर आबा पुन्हा गवंड्याच्या थापीला हात लावू देतील का? त्यांना हे वाचून दाखवू नको.

माझ्यावरची माया तेवढी गोठू देऊ नको.
तुझा दादा, प्रवीण

पारनेर, २० जानेवारी १९९७

ती. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि. पत्र आबांसमोरच वाचलं. काय करू, हसू आवरेना.

आई म्हणते, यात खेचरांचा काय दोष? आपली शेळीसुद्धा भिंतीतलं काड ओढून खाते. वरून शेणाचा हात फिरवला की तोंड लावत नाही, एवढं या शहाण्याला ठाऊक नव्हतं का?

आबा औजारं धूत होते. ऐकतच नाही असं दाखवत त्यांनी विचारलं, की एक थर किती बोटं जाड होता आणि दुसरा घालायच्या आधी तू किती थांबलास. पत्रात लिहिलं नाही म्हटल्यावर म्हणाले, थांबलाच नसेल. सावेडीतही ओल्यावर ओलं चढवलं आणि भिंत मालकाच्या स्कूटरवर निजली.

जिवाला जप, आणि लहान बहिणीला रागावू नकोस.
तुझी भारती

लेह, २५ फेब्रुवारी १९९७

चि. भारतीस,
अनेक आशीर्वाद. चहाडखोर आहेस, पण वि. वि. पूल झाला!

आबांनी एवढ्या लांबून ओळखलं. मी सगळं एकाच दिवशी ओतलं होतं. वर दगड, आत सरबत. खेचरांच्या जेवणानंतर माझाच पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. हे लिहायचं राहिलं होतं. राहिलं कसलं, लपवलं होतं.

या वेळी रोज एकच बोटभर थर. काडाऐवजी वखारीतला लाकडाचा भुसा आणि फाटक्या पोत्यांच्या सुतळ्या. अठरा दिवस लागले. मला थांबायला लावणारा पहिला मुकादम म्हणजे इथली थंडी. शेवटी वरून आईचं सारवण, खेचरांच्याच लिदीचं. त्यांनी वास घेतला, तोंड फिरवलं आणि सरळ चालू लागली. पायही घसरले न्हाईत.

आबा बांधलेल्या कट्ट्यावर आधी स्वतः बसतात, म्हणून आधी मीच रॉकेलचा डबा घेऊन पलीकडं गेलो. पूल लई हलतोय असं वाटलं. हलत मीच होतो.

पण ऊन तापलं की हा वितळणार. म्हणजे माझ्या हातचं उभं असं काही राहायचंच न्हाई. हेही आबांना सांग, नाहीतरी सांगणारच आहेस.

आहे तसा गोड मानून घ्या.
तुझा इंजिनियर दादा, प्रवीण

पारनेर, १२ मार्च १९९७

ती. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि. आबांनी तुझं पत्र दोनदा वाचायला लावलं. लिदीपाशी आई हसून हसून खाली बसली. आबा हसले नाहीत. त्यांनी चष्मा मागितला, मग पेन मागितलं. पेन थापीसारखं धरलं होतं, म्हणून खाली शाई पसरलीय. मी काही दुरुस्त केलेलं नाही.
तुझी भारती

प्रवीण, वितळलं म्हंजे पडलं न्हाई. केडगावला एक कंपाऊंड बांधायचं हाय. तुजी थापी धुऊन ठिवलीय. अठरा दिवस लागले तरी चालत्याल.
कचरू गवंडी