वेळेआधी फेडल्यामुळे थकलेला पंखा

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
पत अहवाल कार्यालय, तिसरा मजला.

विषय : मुदतीआधी पूर्ण फेडलेल्या पंख्याच्या कर्जाची 'थकीत' अशी झालेली नोंद दुरुस्त करण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाने दिलेला अर्जदाराचा पत अहवाल. (त्यातील नाव, पत्ता व जन्मतारीख बरोबर आहेत.)

महोदय,

१. अर्जदार हा निवृत्त ग्रंथपाल असून त्याने गेल्या वर्षापर्यंत कोणाकडून काहीही उसने घेतलेले नव्हते. हे तो अभिमानाने सांगत नाही. मागण्याचे धाडस झाले नाही, इतकेच. अधिकाऱ्यांना तसदी देण्याचीही त्याला सवय नाही. या अर्जाच्या पहिल्या दोन खर्ड्यांत त्याने आपल्या कार्यालयाची क्षमा मागितली होती आणि तक्रार लिहायचीच राहून गेली होती.

२. अर्जदाराची लेक ज्या लॉन्ड्रीत काम करते, तिचे मालक आता थकले आहेत. वाफेच्या इस्त्र्या, धुलाईची यंत्रे आणि बांधलेली गिऱ्हाइके यांसह दुकान तिलाच द्यावे, अशी त्यांची इच्छा आहे. "तू नाही घेतलंस तर मोबाइलवाला टपून बसलाय. सहा महिने थांबतो, पुढे माझा नाइलाज," असे त्यांनी लेकीस सांगितले. दुकान मोबाइलवाल्याकडे गेले तर लेकीचे आणि तिच्या हाताखालच्या दोन बायकांचे काम जाईल. बँक कर्ज द्यायला तयार होती, मात्र सोबत एक सहकर्जदार हवा होता. अर्जदार लेकीबरोबर बँकेत गेला.

३. कर्ज विभागातील बाईंनी संगणकात पाहिले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले आणि म्हणाल्या, "काका, तुमचा स्कोअर वाईट नाहीये. तो नाहीच." स्वतःविषयी अर्जदाराचा असा संशय फार पूर्वीपासून होता, यंत्राने त्यावर शिक्का मारला, एवढेच. बाईंनी समजुतीने सांगितले, की ज्याने कधी कर्ज घेतले नाही तो फेडील की नाही हे यंत्राला कळायला मार्ग नसतो. "काहीतरी छोटं हप्त्यावर घ्या, वेळेवर फेडा. सहा महिन्यांत स्कोअर तयार होईल." लेक बाहेर आल्यावर म्हणाली, "बाबा, तुम्ही काही करू नका हं. मी बघते." परंतु अर्जदाराने तोपर्यंत करायचे ठरवले होते.

४. अर्जदाराने एक उभा पंखा हप्त्यावर घेतला. पत्नीने विचारले, "घरात तीन पंखे आहेत. हा चौथा कुणाला वारा घालणार?" अर्जदाराने सांगितले, की हा वाऱ्यासाठी नसून पतीसाठी आहे. मग त्याला स्वतःलाच वाक्य चमत्कारिक वाटले आणि 'पतीसाठी' म्हणजे पत वाढावी म्हणून, असा खुलासा त्याने केला. पंखा घरी आला, पण त्याचा वारा अर्जदाराला लागेना. दुसऱ्याच्या पैशाचा वारा अंगावर घेऊन झोप लागत नाही, हे ज्यांनी अनुभवले असेल त्यांनाच कळेल. तिसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचे शटर वर जाण्याआधीच तो पूर्ण रक्कम घेऊन दारात उभा होता. दुकानदार म्हणाला, "काका, हप्ता महिन्याला असतो. दूधवाल्यासारखा रोज नसतो." अर्जदाराने तरीही सगळे पैसे भरले, पावती घेतली आणि पैसे आपोआप कापून घेण्याची बँकेला दिलेली सूचना रद्द केली. त्या रात्री त्याला शांत झोप लागली.

५. आपल्या अहवालातील चूक येथेच झाली आहे. कर्ज देणाऱ्या संस्थेच्या यंत्रात पहिला हप्ता सुरू होण्याआधी कर्ज संपवण्याची सोयच नव्हती. दुकानदाराने पाठवलेले पैसे त्यांच्याकडे 'आगाऊ' या रकान्यात जाऊन बसले. हप्त्याची तारीख आली, यंत्राने खात्यात हात घातला, हाताला काही लागले नाही. असे तीनदा झाले. म्हणजे ज्याने सर्वांत आधी पैसे भरले, तोच आपल्या अहवालात बुडव्या ठरला. त्या संस्थेच्या फोनवरील मुलाला अर्जदाराने हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "सर, तुम्ही जरा उशिरा भरले असते तर वेळेवर झाले असते." अर्जदार या वाक्यावर अजून विचार करीत आहे.

६. यापुढील दोन गोष्टींत मात्र दोष अर्जदाराचाच आहे, तो आपल्या कार्यालयावर येऊ नये म्हणून नोंदवीत आहे.

अ) बाईंच्याच सल्ल्याने अर्जदाराने क्रेडिट कार्ड घेतले. बँकेने एवढी मर्यादा आपणहून दिली, तर त्यातले उरवणे बरे दिसणार नाही, असे त्याला वाटले. ताटात वाढलेले टाकू नये, हा घरचा संस्कार. त्याने बारा खंडांचा एक ज्ञानकोश घेतला आणि मर्यादा जवळपास चाटूनपुसून संपवली. बिल आले त्याच दिवशी भरलेही. पण बाई म्हणाल्या, "काका, मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत राहायचं. सगळं ताट रिकामं केलं की यंत्राला वाटतं, माणूस उपाशी आहे."

आ) आपली पत खरोखरच एवढी वाईट आहे का, याची खात्री करण्यासाठी अर्जदार आणखी चार बँकांत गेला आणि "मी मागितलं तर मला द्याल का?" असे विचारून आला. प्रत्येकाने अर्जावर सही घेऊन त्याचा अहवाल मागवला. प्रत्येक वेळी स्कोअर आणखी खाली आला. ग्रंथालयात जे पुस्तक वारंवार बाहेर काढले जाई त्याचा मान वाढे. येथे उलट असते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. त्यानेही विचारले नव्हते. स्वतःचा अहवाल स्वतः मागवून पाहिला तर एक गुणही कमी होत नाही, हे त्याला नंतर कळले.

७. मालकांनी दिलेली मुदत संपत आली तेव्हा लेक आईवडील दोघांनाही घेऊन बँकेत गेली. अर्जदाराचा अहवाल पाहून बाईंनी मान हलवली आणि सहज म्हणाल्या, "काकूंचं बघू का?" अर्जदार त्यांना सांगणार होता, की हिनेही कधी कर्ज घेतलेले नाही. तेवढ्यात बाई खुर्चीत सरळ बसल्या. पत्नीचा स्कोअर आठशेच्या वर निघाला. बाईंनी पडद्यावरून एकेक वाचले : फ्रिज, शिलाई मशीन, लेकीच्या शिक्षणाची फी, छताची दुरुस्ती. शेवटी अर्जदाराची कवळी. महोदय, अर्जदार दोन वर्षे हप्त्यांवर चावत होता आणि त्याला त्याची गंधवार्ता नव्हती.

अर्जदार म्हणाला, "मला वाटलं, सगळं रोखीनं आलंय." पत्नी म्हणाली, "अहो, तुमच्या पगारात फ्रिज काय उडत आला असता?" मग आवाज उतरवून म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही एक रात्र तरी झोपला असतात का?" पंख्याचा अनुभव ताजा असल्याने अर्जदाराने 'नाही' असे कबूल केले. लेक खिडकीकडे तोंड करून हसत होती.

८. सहकर्जदार म्हणून आता पत्नीचे नाव लागले आहे. परंतु बँकेला एक जामीनदारही हवा आहे. बाईंनी विचारले, "बाहेरचं कुणी आहे का?" पत्नी म्हणाली, "बाहेरचं कशाला? हे आहेत की." बाई संकोचून म्हणाल्या, "काकू, यांचे तीन हप्ते थकलेले दिसतायत. बाकीचं मी वर बोलून बघेन, पण थकबाकी चालत नाही." त्यावर पत्नी जे बोलली ते अर्जदार जसेच्या तसे नमूद करतो : "कागद चुकला असेल, माणूस नाही चुकलेला. महिनाअखेरपर्यंत दुरुस्त करून आणतील ते. मी सांगते ना." मागे रांगेत माणसे उभी होती. त्या सर्वांनी ते ऐकले.

९. तरी विनंती अशी, की सोबतची पावती पाहून पंख्याच्या कर्जापुढील 'थकीत' हा शब्द काढून 'पूर्ण फेडले' असे लिहावे व दुरुस्त अहवाल महिनाअखेरीच्या आत बँकेस पाठवावा. ज्ञानकोश आणि चार बँकांच्या फेऱ्या यांबद्दल जे गुण कापले आहेत, ते खुशाल कापलेले राहू द्यावेत. अर्जदाराची त्याबद्दल तक्रार नाही.

अर्जदाराचा स्वतःवर फारसा विश्वास नाही, हे आपल्या कार्यालयाच्या आतापर्यंत लक्षात आलेच असेल. पण त्याच्या पत्नीचा त्याच्यावर आहे, आणि तिने दिलेला शब्द आजवर कधी थकलेला नाही, हे आपल्याच नोंदीत लिहिलेले आहे.

आपला,
उत्तराची वाट पाहणारा,
(सही)
अर्जदार, निवृत्त ग्रंथपाल

दिनांक : चालू महिन्याची बावीस

सोबत :
१. पंख्याची पूर्ण रक्कम भरल्याची पावती.
२. दुकानदाराचे पत्र. त्यात 'काका तिसऱ्याच दिवशी आले होते' असे त्याने स्वहस्ते लिहिले आहे.
३. पत्नीचा अहवाल जोडलेला नाही. माझे कागद गावभर फिरवायचे नाहीत, असे तिचे म्हणणे आहे. तो आपल्याकडे आहेच.