चार सेंटिमीटरचा ठोकळा

॥ श्री ॥

चांदे, ता. मुळशी
१२ जून २०२४

ती. बाबांस,
ज्ञानदाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र पाहून आश्चर्य वाटेल. पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर लिहिलेलं वाचणं तुम्ही कमीपणाचं मानता, तेव्हा कागदच बरा. आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? करमाळ्याला पाणी दिवसाआड येतंय की पुन्हा चार दिवसांनी?

तुम्हाला न आवडणारी बातमी आधीच सांगून टाकते. किमयाला यंदा आठवीला शाळेत घातलेलं नाही. गणिताचा तास असला की सकाळी तिच्या पोटात दुखायचं. दोन डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. शेवटी शैलेश म्हणाला की पोट ठणठणीत आहे, तासच आजारी आहे. आता ती घरी शिकते, पुढे मुक्त विद्यालयातून दहावीला बसेल. आमच्या घरमालकीण रंभाबाईंनी मला तोंडावर विचारलं की पोरीला शाळंत न्हाई घालायची तर घरी ठिवून काय लोणचं घालायचं हाय का. आणि आठच दिवसांनी आपली नात गौतमी आणि शेजारची दोन मुलं त्यांनीच संध्याकाळी माझ्याकडे धाडली, बसायला स्वतःची ओसरीही दिली.

भाषा आणि विज्ञान मी निभावते. गणिताचं तुम्हाला ठाऊक आहे. गणिताच्या मास्तरांची मुलगी आणि दहावीला गणितात अडतीस, दिव्याखाली अंधार म्हणून सगळी गल्ली हसली होती. म्हणून हाताने करून शिकण्याचा अभ्यासक्रम शोधते आहे. लहान मुलांसाठी मणी आणि काड्या ढीगभर मिळतात, पण मूल बारा वर्षांचं झालं की त्याला हातच नाहीत असं सगळे धरून चालतात. कसेबसे तीन सापडले. एक परदेशी आहे, प्लॅस्टिकच्या लाल-निळ्या चौकटी मांडून बीजगणित शिकवतो. दुसरा पुण्यातल्या एका गटाचा, पुठ्ठे कापून भूमिती. तिसरा म्हणतो की काही विकत घेऊ नका, स्वयंपाकघर पुरे आहे. तुम्ही सांगाल तो घेईन.

आणि एक मागणं आहे. तुमची सागवानी पेटी अजून माळ्यावर असेल तर पाठवाल का? ती कधी कुठल्या मुलाच्या हातात पडली नाही. निदान नातीच्या पडू दे.

तब्येतीला जपा, रागावलात तरी उत्तर लिहा.

तुमची,
ज्ञानदा


करमाळा
२३ जून २०२४

चि. सौ. ज्ञानदास,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र पोचले. पाणी चार दिवसांनी येते आणि गुडघा रोज येतो. तुझ्या आईला जाऊन तीन वर्षे झाली, तेव्हापासून घरात तोंड उघडायचे ते फक्त जेवायला. त्यामुळे रागावण्याची संधी दिलीस हे बरेच झाले.

मूल शाळेतून काढणे मला पसंत नाही. पोट दुखते म्हणून शाळा सोडायची तर माझ्या वर्गातली निम्मी मुले घरी बसली असती. परंतु तुम्ही शिकलेले लोक, आम्ही काय बोलणार.

तुझ्या तीन अभ्यासक्रमांविषयी. रंगीत चौकटींनी मुले रंग शिकतात, गणित चौकटीतच राहते. पुठ्ठा तुमच्या मुळशीच्या पावसात श्रावणापर्यंत लगदा होईल. आणि स्वयंपाकघरातले गणित पाचवीपर्यंत पुरते. पुढे वर्गसमीकरण कोणत्या डब्यात भरून ठेवणार आहेस?

पेटी पाठवतो आहे. एस.टी. पार्सलने स्वारगेटला येईल, शैलेशरावांनी उतरवून घ्यावी. अ अधिक ब यांचा घन आठ तुकड्यांत कसा मोडतो हे दाखवणारी अशी पेटी तालुक्यात दुसरी नव्हती. सुताराकडे एक उन्हाळा बसून मी ती करवून घेतली होती. मुलांच्या हातात दिली नाही म्हणतेस, पण ती शाळेच्या सामानाच्या जडसंग्रह वहीत चढलेली होती. तुकडा गेला असता तर जाब मला द्यावा लागला असता. म्हणून कपाटाला कुलूप, आणि तपासणीला साहेब आले की ती बाहेर काढायची. सगळ्याच शाळांत असे असे. मी निवृत्त झालो तेव्हा ती निर्लेखित, म्हणजे वहीतून रद्द, करून मला दिली.

आठातला लहान ठोकळा त्यात नाही. तो का नाही हे तुला सांगायला नको.

माझ्या मनात एक आहे. दिवाळीनंतर मी चार महिने तुमच्याकडे येतो. किमयाचे गणित मी बघतो, कुठला अभ्यासक्रम विकत घ्यायला नको. इथे भिंतींना शिकवून कंटाळलो. शैलेशरावांना विचारून कळव.

मुलीला आशीर्वाद. सर्वांवर माझी माया आहेच.

जनार्दन


चांदे
१४ जुलै २०२४

ती. आजोबांस,
किमयाचा सा. न.

पेटी मिळाली! मी सगळी ओसरीवर मांडली आहे. आई म्हणाली कुलूप लावायचं नाही, म्हणून ती चोवीस तास उघडीच असते. गौतमीचा छोटा भाऊ तिच्यावर बसतो, पण काही होत नाही, लाकूड सॉलिड आहे.

तुम्ही येणार हे कळल्यापासून मी दिवस मोजते आहे. आई अजून हो किंवा नाही म्हणाली नाही, पण तिनं आतल्या खोलीतलं कपाट रिकामं करायला घेतलं आहे, म्हणजे हो असणार.

आता ऐका. एक तुकडा नव्हता ना, तो आम्ही शोधून काढला. म्हणजे हरवलेला सापडला नाही, पण केवढा असणार ते शोधलं. सात तुकडे मोजले. मोठा घन सहा सेंटिमीटरचा, म्हणजे दोनशे सोळा. तीन चपटे एकशे चव्वेचाळीसचे, तीन लांबटे शहाण्णवचे. मिळून नऊशे छत्तीस. पेटीचा खण दहा बाय दहा बाय दहा आहे, म्हणजे हजार. उरले चौसष्ट. मग तो चारचाच घन असणार! हे मला कोणी सांगितलं नाही. त्या दिवशी पोट अजिबात दुखलं नाही. गौतमीचे इंद्रजितकाका घोटावड्यात कंपन्यांसाठी लाकडी खोके बनवतात, त्यांनी बाभळीचा तुकडा कापून दिला. फिट्ट बसला. शेजारचे कोंडाजीआजोबा म्हणाले, लई बेस, आता दोरी घ्या, तुमाला गुंठा मोजाय शिकवतो.

पण एक विचारायचं होतं. पेटी उघडली तेव्हा आई उठून बाहेर गेली. नंतर म्हणाली की तो ठोकळा लहानपणी तिनंच हरवला. मी विचारलं कुठे, तर म्हणाली शाळेमागच्या गटारात पडला असेल. दुसऱ्या दिवशी म्हणाली विहिरीजवळ. मग म्हणाली तिला नीट आठवत नाही, पण तिच्याच हातून गेला. आजोबा, एक वस्तू दोन ठिकाणी कशी हरवेल? रंभाआजी म्हणतात घरातली वस्तू घरातच आसती, कुटं जात न्हाई. तुम्हाला काही माहीत आहे का?

लवकर या. तुमच्यासाठी बाभळीची काठी पण करून ठेवते.

तुमची लाडकी,
किमया


करमाळा
२९ जुलै २०२४

चि. सौ. ज्ञानदास,
अ. उ. आशीर्वाद.

हे पत्र किमयाला वाचून दाखवू नकोस. तिला उत्तर लिहायला चार वेळा बसलो आणि चारही कागद फाडले. तिच्या प्रश्नाचे उत्तर तिच्याआधी तुला द्यायला हवे.

ठोकळा तू हरवला नव्हतास.

तू सातवीत होतीस. तपासणीच्या आधी दोन दिवस तू पेटी उघडून हाताळलीस, हे शिपाई भिकूने मला सांगितले होते. तपासणी झाली. साहेबांनी तो ठोकळा हातात घेऊन पाहिला आणि चहाला उठताना माझ्या हाती दिला. मी कोटाच्या खिशात टाकला आणि विसरलो. कोट वर्षातून तीन-चार वेळा घालायचा, तो घरी आल्यावर ट्रंकेत गेला. दुसऱ्या दिवशी पेटीत सातच तुकडे. भिकूचे बोलणे डोक्यात होते, एकदा हात लावला तिने पुन्हाही लावला असणार असे धरून चाललो. वर्गात तुला उभी केली. ज्या हाताने घेतलास तो पुढे कर म्हणालो. मास्तरच्या मुलीला सूट दिली असे कोणी म्हणू नये म्हणून इतरांना दोन छड्या मारायचो, तिथे तुला सहा मारल्या.

सव्वीस जानेवारीला तुझ्या आईने कोट झटकला आणि ठोकळा जमिनीवर पडला. ती म्हणाली आत्ताच्या आत्ता पोरीला हाक मारा. मी म्हणालो सांगतो. झेंडावंदन होऊ दे म्हणालो, मग परीक्षा होऊ दे. बेचाळीस मुलांसमोर जे केले ते घरात हळूच कसे परत घ्यायचे हे मला कळेना, आणि वर्गात घ्यायची छाती नव्हती. तुझी आई मरेपर्यंत दर सव्वीस जानेवारीला आठवण करून द्यायची. बोलायची नाही, कोट खुर्चीवर ठेवायची.

ठोकळा सोबत पाठवतो आहे. मी चुकलो. आता पंच्याहत्तरी उलटली, अधिक काय लिहू. दिवाळीनंतर येण्याचे तेवढे नाही म्हणू नकोस.

तुझा बाप,
जनार्दन


चांदे
९ ऑगस्ट २०२४

ती. बाबांस,
ज्ञानदाचा नमस्कार.

तुमचं पत्र अकरा दिवसांपूर्वीचं. मिळाल्यापासून मी ते रोज वाचते. शैलेशला दाखवलं, किमयाला नाही.

बाबा, मला तो ठोकळा गटारात पडताना दिसतो. खरंच दिसतो, आवाजही येतो. विहिरीच्या कठड्यावरून घरंगळतानाही दिसतो. एकोणतीस वर्षं मी शोधत राहिले की मी तो नेमका कुठे टाकला, आणि शोधता शोधता न केलेलं आठवायला लागलं. तुम्ही मला चोर ठरवलंत त्याचं वाईट वाटून संपलं होतं. मीच मला ठरवलं, ते संपलं नव्हतं. आणि आईला ठाऊक होतं. ती माझ्या बाळंतपणात दोन महिने इथे राहून गेली, रोज माझे केस विंचरून द्यायची, आणि तिला ठाऊक होतं. तिच्यावर रागवायलाही आता ती नाही, सगळा राग तुमच्या वाट्याला आला आहे.

माझंही एक सांगते. पेटी मागवली त्याच्या आधीच्या आठवड्यात अपूर्णांकांवरून मी किमयावर पट्टी उगारली. मारली नाही, पण तिनं आपण होऊन हात पुढे केला. तेव्हा मला कळलं की अभ्यासक्रम शोधण्यात मी महिनाभर का घालवते आहे. मला असं काहीतरी हवं होतं ज्यात माझा हात मध्ये येणार नाही.

तुम्ही या. दिवाळीपर्यंत थांबू नका, कपाट रिकामं केलं आहे. पण एक अट आहे. आल्यावर पहिल्या संध्याकाळी ओसरीवर उभं राहून जे पत्रात लिहिलंत ते चार मुलांसमोर सांगायचं. मला बेचाळीस मुलांसमोर उभं केलं होतंत, मी फक्त चार मागते आहे. किमयानं सरळ प्रश्न विचारला आहे आणि ती अजून उत्तराची वाट पाहते.

उत्तराची मीही वाट पाहते.

ज्ञानदा


करमाळा
२० ऑगस्ट २०२४

चि. सौ. ज्ञानदास,
अ. उ. आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. तू लिहितेस त्यातले काही मी नाकारत नाही. तुझी क्षमा मी पत्रात मागितली आहे, समोर आलो की पुन्हा मागेन, तू म्हणशील तर पाय धरीन. परंतु दार लावून. मुलांसमोर नाही. शिकवणाऱ्याचा मान म्हणजे झाकली मूठ. ती एकदा उघडली की पोरे त्याच्याकडून पाढाही घेणार नाहीत. छत्तीस वर्षे मी वर्गात चूक कबूल केली नाही, ती आता नातीसमोर कशी करू?

किमयाला सांग की आजोबांचा गुडघा दुखतो, प्रवास झेपणार नाही. ठोकळ्याचे तिला काही सांगू नकोस. पोर लहान आहे.

सर्वांना आशीर्वाद. माया आहेच.

जनार्दन


चांदे
१ सप्टेंबर २०२४

ती. बाबांस,
नमस्कार.

किमयाला गुडघ्याचं मी सांगितलं नाही. तुमच्या जागी मीच ओसरीवर उभी राहिले आणि चारही मुलांना सगळं सांगितलं. हात पुढे करून कसा धरला होता तेही दाखवलं. शेजारचा निषाद चौघांत सगळ्यात लहान, त्याला वाटलं मी गोष्ट सांगते आहे, पुढे काय झालं म्हणून विचारत राहिला. रंभाबाई पायरीवर बसून घेवडा निवडत होत्या. त्या म्हणाल्या, बाई, चूक समद्यांचीच हुती, पर ती खिशात घालून इतकी वर्सं कोण हिंडतं. मग त्यांनी घेवडा तसाच ठेवला आणि आत जाऊन सगळ्यांना चहा आणला, मुलांनासुद्धा.

किमयानं तुमचा ठोकळा पेटीत बसवून पाहिला, बरोबर बसला. थोडा वेळ तो तसा ठेवला. मग काढला, पुसला, माझ्या हातात दिला आणि बाभळीचा पुन्हा लावला. म्हणाली की हा आम्ही मोजून काढला आहे. तुमच्यासाठी केलेली काठी तिनं कोंडाजींना दिली, गुंठा मोजताना खुंटी म्हणून ती उपयोगी पडते. आजोबा येणार का, हे तिनं एकदाच विचारलं. मी नाही म्हटलं.

अभ्यासक्रम आम्ही तिन्हीपैकी कोणताच घेतला नाही. मुलं मोजतात, कापतात, चुकतात, आणि चुकलं की ओसरीवर सगळ्यांसमोर सांगतात, कारण पहिल्यांदा मीच सांगितलं. माझीही बीजगणिताशी नव्यानं ओळख होते आहे. अडतीसच्या पुढे जाईन असं वाटतं.

अजूनही तुम्ही यावं असं मला वाटतं, हे लिहिताना माझाच मला राग येतो. अट तीच आहे. कपाट रिकामंच ठेवलं आहे, त्याची किल्ली काढून टाकली आहे.

तुमचा ठोकळा सोबत परत पाठवते आहे. इथे त्याला जागा उरली नाही. कोट अजून असेल तर त्याच्याच खिशात ठेवा, आणि सव्वीस जानेवारीला आई कोट खुर्चीवर ठेवायची तसा आता तुमचा तुम्हीच ठेवा.

ज्ञानदा